रुळांचे अंतर आणि माणसांचे जाळे : मॉडेल रेल्वेच्या छंदाचा इतिहास

प्रास्ताविक

रेल्वेच्या इतिहासलेखनात भांडवल, साम्राज्य, बाजारपेठ आणि कामगार हे विषय दीर्घकाळ केंद्रस्थानी राहिले आहेत, आणि ते स्वाभाविकही आहे. तथापि ज्या यंत्राने एकोणिसाव्या शतकातील माणसाचे काळ व अंतर यांविषयीचे भान बदलून टाकले, त्या यंत्राची लहानशी प्रतिकृती करून ती घरातील टेबलावर, माळ्यावर किंवा तळघरात चालविण्यासाठी असंख्य प्रौढ माणसांनी आपल्या आयुष्यातील संध्याकाळी का वेचल्या, हा प्रश्न अभ्यासकांनी बहुधा खेळण्यांच्या दुकानापाशीच सोडून दिलेला दिसतो.

प्रस्तुत निबंधात मॉडेल रेल्वेच्या छंदाचा विचार प्रामुख्याने ब्रिटन आणि अमेरिका या दोन देशांच्या संदर्भात केला आहे. या छंदाचे मूळ जर्मन खेळण्यांच्या व्यवसायात असले, तरी मापे, नियतकालिके आणि मंडळे यांचे त्याचे जाळे या दोन देशांत कसे विणले गेले हे विशेष स्पष्टपणे पाहता येते. बंद खोलीत एकट्याने करावयाचा हा उद्योग आहे, असा त्याविषयी सर्वसाधारण समज आहे. त्याचा इतिहास मात्र वेगळे सांगतो. दुसऱ्याशी माप जुळविल्याशिवाय येथे गाडी रुळावर उभीच राहत नाही; आणि मालकाच्या पश्चात कोणती मांडणी टिकली व कोणती नष्ट झाली हे पाहू गेल्यास, ती किती जणांनी वाटून घेतली होती यावर पुष्कळ काही अवलंबून असल्याचे दिसते. छंदी लोक ज्याला ‘ले-आऊट’ म्हणतात, म्हणजे रूळ, सांधे, सिग्नल, स्थानके, डोंगर आणि घरे यांसह उभारलेला संपूर्ण लघुप्रदेश, त्यासाठी येथे ‘मांडणी’ हा शब्द वापरला आहे.

खेळण्यापासून मापापर्यंत

जर्मनीतील ग्योपिंगेन येथील मेर्क्लिन ही संस्था १८५९ पासून बाहुलीच्या घरातील पत्र्याची भांडीकुंडी तयार करीत असे. १८९१ मध्ये लाइपझिगच्या वसंत जत्रेत तिने चावीने चालणारी एक आगगाडी मांडली. चावीच्या गाड्या त्यापूर्वीही होत्या. मेर्क्लिनच्या गाडीचे वेगळेपण असे की, तिचे रूळ सुटे विकत घेऊन वाढविता येत आणि त्यांच्या मापांना क्रमांक दिलेले होते. बाहुलीच्या घरासाठी दर वर्षी एखादे नवे भांडे घेण्याची जी सवय या धंद्याच्या परिचयाची होती, तीच येथे रुळांना लागू झाली. क्रमांक १ च्या मापात दोन रुळांमधील अंतर ४५ मिलिमीटर होते. पुढे त्याहून लहान, ३२ मिलिमीटरांचे माप आले, तेव्हा एकाच्या खाली उरलेला आकडा म्हणून त्याला शून्य क्रमांक मिळाला. इंग्रजी वाचकांनी या शून्याचे ‘ओ’ हे अक्षर करून टाकले आणि नंतर त्याचे अर्धे माप आले तेव्हा ‘अर्धा शून्य’ यावरून ‘एच-ओ’ हे नाव रूढ झाले. जगभर सर्वाधिक प्रचारात असलेल्या मापाच्या नावात एक शून्य असे लपून बसले आहे.

ब्रिटनमध्ये या खेळण्याला ‘मॉडेल’ची प्रतिष्ठा देण्याचे श्रेय नॉर्थॅम्प्टनच्या बॅसेट-लोक यांच्या व्यवसायाकडे जाते. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस सुरू झालेल्या या व्यवसायाने न्यूरेंबर्गच्या बिंग या कारखान्याकडून ब्रिटिश इंजिनांच्या धर्तीची इंजिने करवून घेतली. जर्मन कारागिराने पाहिलेले इंजिन आणि इंग्रज ग्राहकाने आपल्या गावच्या फलाटावरून पाहिलेले इंजिन यांतील फरक ग्राहकाला खुपू लागला होता, हे यातून सूचित होते. हेन्री ग्रीनली या अभियंत्याने याच व्यवसायासाठी आराखडे आणि प्रमाणे निश्चित करण्याचे काम केले. १९०९ मध्ये या विषयाला वाहिलेले नियतकालिक निघाले आणि १९१० मध्ये लंडनमध्ये ‘मॉडेल रेल्वे क्लब’ स्थापन झाला. ज्ञात असलेल्या अशा मंडळांपैकी तो जगातील सर्वांत जुना मानला जातो.

पहिल्या महायुद्धाने जर्मन मालाची वाट बंद केली. १९०१ मध्ये मेकॅनोचे एकस्व घेणाऱ्या लिव्हरपूलच्या फ्रँक हॉर्नबी यांनी १९२० मध्ये आपल्या चावीच्या गाड्या बाजारात आणल्या आणि १९२८ मध्ये मुलांसाठी ‘हॉर्नबी रेल्वे कंपनी’ नावाची संघटना काढली. विक्री वाढविण्याची ही युक्ती होती, हे उघड आहे. परंतु आपापल्या घरी रूळ मांडून बसलेल्या मुलांना आपल्यासारखे आणखीही कोणी आहेत, ही जाणीव त्यातूनच प्रथम झाली, याकडे दुर्लक्ष करता येत नाही. अमेरिकेत जोशुआ लायोनेल कोवेन यांची गोष्ट याहून गमतीची आहे. १९०० मध्ये स्थापन झालेल्या त्यांच्या लायोनेल संस्थेची पहिली विजेची गाडी दुकानाच्या काचेमागे लोकांचे लक्ष वेधून घेण्यासाठी बनविली होती. लोकांनी दुकानातील माल सोडून गाडीचीच मागणी केली.

सव्वादोन मिलिमीटरांचा वाद

या छंदाचा आत्मा कळण्यासाठी एका क्षुल्लक वाटणाऱ्या तांत्रिक तडजोडीकडे वळले पाहिजे. १९२२ च्या सुमारास बिंगने बॅसेट-लोकसाठी टेबलावर मावेल अशी लहान रेल्वे तयार केली. मोठ्या माणसाला स्वतंत्र खोली नसतानाही हा छंद करता यावा, ही त्यामागील गरज होती. एच-ओ मापात वास्तवातील एक फूट ३.५ मिलिमीटरांनी दाखविला जातो, प्रमाण १:८७. या प्रमाणात १४३५ मिलिमीटरांचे प्रमाणित अंतर १६.५ मिलिमीटर होते. युरोप व अमेरिकेसाठी हा हिशेब बरोबर बसतो. ब्रिटनमधील बोगदे, पूल आणि फलाट मात्र रेल्वेच्या आरंभीच्या काळातले असल्यामुळे तेथील इंजिने व डबे अमेरिकी गाड्यांच्या तुलनेत अंगाने बारीक. १:८७ प्रमाणात केलेल्या ब्रिटिश इंजिनाच्या पोटात त्या काळची यंत्रणा मावेना. तेव्हा गाडी फुटाला ४ मिलिमीटर, म्हणजे १:७६ या प्रमाणात वाढविण्यात आली आणि रूळ होते तितकेच ठेवण्यात आले. ‘डबल-ओ’ म्हणून ओळखले जाणारे हे माप पुढे १९३८ मध्ये हॉर्नबीच्या ‘डब्लो’ गाड्यांनी घरोघर नेले.

परिणाम असा झाला की, ब्रिटनमधील बहुसंख्य मॉडेल गाड्या आपल्या अंगाच्या मानाने अरुंद रुळांवर धावतात. १:७६ प्रमाणात रुळांमधील अंतर १८.८३ मिलिमीटर हवे, ते १६.५ आहे. म्हणजे चार फूट साडेआठ इंचांच्या जागी चार फूट दीड इंचांची रेल्वे, जी ब्रिटनच्या मुख्य मार्गांवर कधीच नव्हती. सव्वादोन मिलिमीटरांहून किंचित अधिक अशा या फरकावर गेले शतकभर वाद चालू आहे. काहींनी १८ मिलिमीटरांचे मधले माप स्वीकारले. १९६० च्या दशकात आणखी काहींनी अचूक १८.८३ चा आग्रह धरून चाकांच्या कडांची जाडी आणि सांध्यांतील फटीदेखील खऱ्या प्रमाणात आणण्याची शिस्त घालून दिली. अशा रुळांवर दुकानात मिळणारी गाडी धावत नाही. प्रत्येक चाक स्वतः बसवावे लागते, सांधे स्वतः जोडावे लागतात आणि ज्या मित्राने हे केलेले नाही त्याची गाडी आपल्या घरी पाहुणी म्हणून येऊ शकत नाही.

बाहेरच्या माणसाला हा कर्मठपणा वाटेल. तो काही अंशी तसा आहेही. परंतु कोणत्याही ज्ञानशाखेत प्रमाणीकरण आणि अचूकता यांच्यात जो ताण असतो, त्याचे इतके स्वच्छ उदाहरण क्वचितच सापडेल. बहुसंख्यांनी स्वीकारलेले चुकीचे माप सर्वांना एकत्र आणते, तर मूठभरांनी स्वीकारलेले बरोबर माप त्यांना सत्याच्या जवळ नेते आणि शेजाऱ्यापासून दूर.

अमेरिकेत हा प्रश्न निराळ्या वाटेने सुटला. तेथे निरनिराळ्या उत्पादकांची चाके आणि रूळ एकमेकांशी जुळत नसत. १९३५ मध्ये मिलवॉकी येथे छंदी मंडळींनी एकत्र येऊन ‘नॅशनल मॉडेल रेलरोड असोसिएशन’ स्थापन केली आणि चाके व रूळ यांची प्रमाणे ठरविली. संघटनेने तपासणीसाठी तयार केलेली धातूची खाचांची पट्टी घेऊन कोणीही आपल्या वाघिणीची चाके योग्य आहेत की नाहीत हे पाहू शकतो. ग्राहकांच्या हौशी संघटनेने मापे ठरवावीत आणि कारखान्यांनी ती पाळावीत, ही घटना औद्योगिक इतिहासात नोंद घेण्याजोगी आहे. १९९० च्या दशकात रुळांतूनच प्रत्येक इंजिनाला स्वतंत्र अंकीय आज्ञा देण्याची पद्धती आली, तेव्हा तिचे प्रमाणही याच संघटनेने निश्चित केले.

मंदी, पुठ्ठा आणि नियतकालिके

‘मॉडेल रेलरोडर’ हे मासिक अ‍ॅल कॅल्मबाख यांनी जानेवारी १९३४ मध्ये मिलवॉकीहून सुरू केले. महामंदीच्या ऐन काळात महागड्या खेळण्यांशी संबंधित मासिक निघावे, हे प्रथमदर्शनी विसंगत वाटते. परंतु त्यातील व त्याच्यासारख्या इतर नियतकालिकांतील मजकूर पाहिला की उलगडा होतो. विकत काय घ्यावे याहून घरच्या घरी काय करता येईल, हा त्यांचा मोठा विषय होता. ब्रिटनमध्ये एडवर्ड बील या धर्मोपदेशकाने पुठ्ठा आणि कागद यांपासून डबे व इमारती करण्याचे तंत्र आपल्या पुस्तकांतून समजावून दिले. मोजमापांसह आराखडा, लागणाऱ्या साहित्याची यादी, कृती आणि शेवटी तयार वस्तूचे छायाचित्र असा या लेखनाचा साचा ठरून गेला. पाककृतीच्या लेखनाशी असलेले त्याचे साम्य वाचकाच्या ध्यानात येईलच. फरक इतकाच की, येथे वाचक महिनाभर खपून केलेली वाघीण पुन्हा छायाचित्राच्या रूपाने संपादकाकडे पाठवीत असे आणि तिच्यातील चुका दाखविणारी पत्रे पुढील अंकात येत.

याच काळात मांडणीचा हेतूही बदलला. वर्तुळात गाडी फिरविणे हे मुलांचे काम ठरले. अमेरिकेतील फ्रँक एलिसन यांनी आपल्या ‘डेल्टा लाइन्स’ या मांडणीच्या अनुभवावरून रेल्वेची तुलना नाटकाशी केली. मांडणी म्हणजे रंगमंच, गाड्या म्हणजे पात्रे आणि वेळापत्रक म्हणजे कथानक, असे त्यांचे सूत्र होते. त्यामुळे एका मांडणीवर पाचसहा माणसे एकाच संध्याकाळी नियंत्रक, चालक, स्थानकाचा मास्तर अशा भूमिका घेऊन वाघिणी पोहोचविण्याचे काम करू लागली. खऱ्या रेल्वेतील नोकरी ज्यांनी कधी केली नव्हती, अशी माणसे रात्री जेवणानंतर ती नोकरी हौसेने करीत.

ब्रिटनमध्ये जागेची टंचाई हेच कल्पकतेचे कारण ठरले. १९४९ पासून निघणाऱ्या ‘रेल्वे मॉडेलर’चे दीर्घकाळ संपादक असलेले सिरिल फ्रीझर यांनी अरुंद फळीवर मावतील असे आराखडे एकामागून एक प्रसिद्ध केले. खेड्यातील एखाद्या शाखामार्गाचे शेवटचे स्थानक, एक फलाट, एक मालधक्का आणि दोनतीन सांधे, ही त्यांपैकी एक आवडती मांडणी. त्यानंतर काही वर्षांनी, १९६३ मध्ये, बीचिंग यांच्या अहवालाने दोन हजारांहून अधिक स्थानके बंद करण्याची शिफारस केली आणि असे कित्येक शाखामार्ग खरोखरच नाहीसे झाले. ऑगस्ट १९६८ मध्ये ब्रिटिश रेल्वेच्या प्रमाणित मार्गांवरील वाफेच्या इंजिनांची नियमित सेवा संपली. जागा अपुरी म्हणून निवडलेला विषय अशा रीतीने आठवणीचा विषय बनला.

एका क्लबातून निघालेली फांदी

अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी या संस्थेत १९४६ मध्ये विद्यार्थ्यांचा ‘टेक मॉडेल रेलरोड क्लब’ सुरू झाला. महायुद्धकाळात रडारच्या संशोधनासाठी घाईने बांधलेल्या ‘बिल्डिंग २०’ मध्ये त्याची मांडणी होती. क्लबात दोन प्रकृतींची माणसे होती. काहींना इंजिने रंगविण्यात आणि डोंगर करण्यात रस होता, तर काही जण ‘सिग्नल्स अँड पॉवर’ उपसमितीत, म्हणजे टेबलाच्या खाली रमत. टेलिफोन केंद्रात वापरले जाणारे रिले जोडून त्यांनी अशी यंत्रणा रचली की, अनेक चालकांना एकाच वेळी आपापली गाडी मांडणीच्या कोणत्याही भागातून नेता यावी.

या टेबलाखालील मंडळींना १९५० च्या दशकाच्या अखेरीस संस्थेत आलेल्या टीएक्स-० या संगणकाची ओढ लागली. एखादी अडचण कल्पकतेने व आनंदासाठी सोडविण्याच्या कृतीला ते ‘हॅक’ म्हणत; १९५९ मध्ये पीटर सॅम्सन यांनी तयार केलेल्या क्लबच्या शब्दकोशात हा शब्द नोंदविलेला आहे. स्टीव्हन लेव्ही यांनी १९८४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ‘हॅकर्स’ या पुस्तकात संगणक-संस्कृतीच्या इतिहासाचा आरंभ याच क्लबपासून केला आहे. आपली आज्ञावली खणात ठेवून द्यावी, कोणीही ती उघडून सुधारावी आणि पुन्हा तेथेच ठेवावी, ही या तरुणांची रीत होती. एकमेकांनी केलेल्या जोडण्या तपासत मांडणीखाली झोपून काम करणाऱ्यांना ती नैसर्गिक वाटली असणार. संगणकाच्या इतिहासात सैन्य आणि उद्योग यांच्या भूमिकेची चर्चा पुष्कळ होते. ज्या मुलांना गाडी वेळेवर फलाटाला लावायची होती, त्यांची तितकी होत नाही.

मांडणी आणि तिचा वारस

पुस्तक कपाटात राहते, चित्र भिंतीवर राहते. मांडणी खोलीला खिळलेली असते. घर विकले की ती करवतीने कापावी लागते. या छंदाच्या इतिहासातील सर्वांत कठीण प्रश्न येथे उभा राहतो.

कॅलिफोर्नियातील माँटेरे येथील छायाचित्रकार जॉन अ‍ॅलन यांनी १९४६ पासून ‘गॉर अँड डॅफिटेड’ नावाची मांडणी रचली. इंग्रजी उच्चारात रक्तबंबाळ आणि पराभूत असा त्याचा अर्थ होतो. विनोद हा त्यांच्या कामाचा स्थायीभाव होता. जमिनीपासून छतापर्यंत पोहोचणारे डोंगर, दऱ्यांवरील उंच पूल, झिजलेल्या आणि गंजलेल्या वस्तूंचे रंगकाम यांमुळे त्यांच्या मांडणीने अमेरिकेतील छंदाची अभिरुची बदलली. वाघिणी ओढण्यासाठी त्यांनी इंजिनाऐवजी एक डायनोसॉरही कामाला ठेवला होता. ६ जानेवारी १९७३ रोजी त्यांचे निधन झाले आणि त्याच महिन्यात घराला लागलेल्या आगीत मांडणी जवळजवळ संपूर्ण नष्ट झाली. ती आज उरली आहे ती मासिकांतून प्रसिद्ध झालेल्या छायाचित्रांत. अ‍ॅलन यांनी जे दाखविले, लिहिले आणि इतरांना शिकविले तेवढेच आगीबाहेर होते.

याच्या नेमके उलट उदाहरण इंग्लंडमध्ये आहे. रॉय इंग्लंड हा ऑस्ट्रेलियात जन्मलेला तरुण १९२५ मध्ये इंग्लंडला आला. ‘व्हेल ऑफ व्हाइट हॉर्स’ या खोऱ्यातील खेडी त्याच्या डोळ्यांसमोर बदलत होती. गवताने शाकारलेली छपरे जाऊन पत्रे येत होते, जुनी घरे पाडली जात होती. त्याने ही घरे मोजून, त्यांचे रंग टिपून १:७६ प्रमाणात पुन्हा बांधावयास आरंभ केला. १९५४ मध्ये लाँग विटनम येथे त्याच्या पेंडन संग्रहालयाची सुरुवात झाली. घराच्या अंगणातील भाजीचे वाफे, भिंतीवर चढलेल्या फुलांच्या वेली आणि खिडकीतून दिसणारे आतले सामान हे सर्व तेथे त्याच प्रमाणात आहे. इंग्लंड यांचे १९९५ मध्ये निधन झाले. काम थांबले नाही, कारण ते आरंभीच्या वर्षांनंतर कधी एकट्याचे राहिलेच नव्हते. गाय विल्यम्स यांच्यासारख्यांनी त्यासाठी इंजिनांचा ताफा उभा केला आणि स्वयंसेवकांच्या पिढ्यांनी एकेका घरावर वर्षे खर्च केली.

जॉन एहर्न यांची ‘मॅडर व्हॅली’ ही मांडणीही पेंडनमध्येच आहे. १९३० च्या दशकाच्या उत्तरार्धात सुरू झालेल्या या मांडणीत रेल्वेइतकेच महत्त्व गावांना आणि भूदृश्याला होते, आणि ते कसे साधावे हे एहर्न यांनी पुस्तके लिहून सांगितले होते. पीटर डेनी या धर्मोपदेशकाची ‘बकिंगहॅम’ ही मांडणी महायुद्धानंतरच्या वर्षांपासून वाढत गेली. तिच्यावर पुरेशी माणसे नसताना दुसऱ्या स्थानकाचे काम करण्यासाठी त्यांनी एक स्वयंचलित यंत्र तयार केले आणि त्याला आपल्या मुलाचे नाव दिले. २००९ मध्ये डेनी गेल्यानंतर ही मांडणी दुसऱ्या एका छंदी माणसाने आपल्या घरी नेऊन पुन्हा चालू केली. दशकानुदशके प्रसिद्ध झालेल्या लेखांमुळे तिचे मोल जाणणारे लोक होते, म्हणूनच हे घडू शकले, असे प्रस्तुत लेखकास वाटते.

जे मांडणीत येत नाही

इतिहासाचे साधन म्हणून मांडणीकडे पाहताना तिच्यातील मौनाचाही विचार करावा लागेल. पेंडनमधील खोरे १९३० च्या आसपासचे आहे. तेथील घराच्या भिंतीवरील ओल दिसते. घरभाडे थकलेले कुटुंब दिसत नाही. मांडणीवरील लहानशी माणसे फलाटावर सदैव प्रतीक्षेत असतात, हमाल हातगाडीला टेकून उभा असतो, पण १९२६ चा सार्वत्रिक संप कोणी सहसा मांडीत नाही. संपाच्या दिवशी गाडी चालत नाही आणि न चालणारी गाडी हा या छंदाचा विषय होऊ शकत नाही, हे त्याचे सरळ कारण. यंत्र, इमारत आणि निसर्ग यांची नोंद काटेकोर, श्रमाची नोंद अंधूक असा हा दस्तऐवज आहे.

स्त्रियांच्या बाबतीतही असेच म्हणावे लागते. हॉर्नबी व लायोनेल यांच्या जाहिरातींतून वडील आणि मुलगा यांचे नाते रंगविले गेले आणि मंडळे दीर्घकाळ पुरुषांचीच राहिली. तळघरातील मांडणीवर रात्री बारापर्यंत गाड्या चालत तेव्हा वरच्या मजल्यावरील घरकाम कोण करीत होते, हे मासिकांच्या अंकांत शोधून सापडत नाही; ते फार तर विनोदी व्यंगचित्रांत डोकावते.

मात्र इतक्याने या साधनाची किंमत कमी होत नाही. इंजिनाच्या कारखान्याचे दप्तर इंजिन कसे होते ते सांगते. एखाद्या गावच्या स्थानकावर कोळशाचा ढीग कोठे असे, कुंपणाला कोणता रंग होता, सिग्नलच्या खोलीकडे जाणारी पायवाट कोठून झिजलेली होती, हे कित्येकदा छंदी माणसाच्या वहीत सापडते, कारण त्याला ते हाताने करावयाचे असते.

बार्शी, मॅनिफोल्ड आणि पुणे

या इतिहासाचा एक धागा महाराष्ट्रात येतो. एव्हरार्ड कॅलथ्रॉप हा इंग्रज अभियंता १८८२ मध्ये ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेच्या नोकरीत भारतात आला. त्याच्या पुढाकाराने १८९७ मध्ये बार्शी लाइट रेल्वे सुरू झाली. अडीच फुटी, म्हणजे ७६२ मिलिमीटरांच्या रुळांवर प्रत्येक आसावर पाच टनांहून अधिक भार पडू नये असा त्याचा हिशेब होता, आणि त्यासाठी इंजिने, डबे व वाघिणी यांची रचना त्याने एकत्रितपणे केली. भारतात पाठविण्यापूर्वी लीड्सजवळील न्यूले येथे त्यांच्या चाचण्याही घेण्यात आल्या. पुढे हा मार्ग पंढरपूर, लातूर आणि मिरजेपर्यंत गेला, आणि ‘बार्शी लाईट’ सोलापूर जिल्ह्याच्या व पंढरीच्या वारकऱ्यांच्या स्मरणाचा भाग झाली.

कॅलथ्रॉपने हाच अनुभव घेऊन इंग्लंडमधील स्टॅफर्डशायरमध्ये १९०४ मध्ये ‘लीक अँड मॅनिफोल्ड व्हॅली लाइट रेल्वे’ उभी केली. तिची इंजिने बार्शीच्या इंजिनांप्रमाणेच लीड्सच्या किटसन कारखान्याची होती. त्यांच्यावरील मोठे दिवे आणि डब्यांच्या टोकांचे सज्जे पाहून ही रेल्वे वसाहतीतून आली आहे, हे कोणाच्याही लक्षात येई. ती आर्थिकदृष्ट्या अयशस्वी ठरून मार्च १९३४ मध्ये बंद पडली. रूळ उखडले गेले आणि मार्गावर पाऊलवाट झाली. परंतु ब्रिटनमधील नॅरोगेजच्या छंदी मंडळींनी तिला सोडले नाही. अवघ्या तीस वर्षांच्या या रेल्वेची इंजिने, पिवळे डबे आणि मोठ्या रेल्वेच्या वाघिणी पाठीवर वाहून नेणारे सपाट डबे यांच्या प्रतिकृती आजही बनविल्या जातात. त्यातही मापाची जुनी तडजोड आहेच. १:७६ प्रमाणात अडीच फुटांसाठी १० मिलिमीटरांचे रूळ हवेत; तयार यंत्रणा ९ मिलिमीटरांची मिळते, म्हणून बहुतेक जण तीच वापरतात.

भारतीय छंदी माणसापुढील अडचण याच जातीची आहे. आपल्या ब्रॉडगेजचे १६७६ मिलिमीटर एच-ओ प्रमाणात १९.२६ भरतात आणि बाजारातील रूळ १६.५ चे असतात. पुण्यात कोथरूड येथे भाऊ जोशी यांनी अनेक वर्षांच्या खटपटीतून उभे केलेले लघुरेल्वेचे संग्रहालय १ एप्रिल १९९८ रोजी लोकांसाठी खुले झाले. तेथील मांडणीत संपूर्ण लघुनगर आहे. मात्र तिच्यावरील पुष्कळशा गाड्या पाश्चात्त्य धर्तीच्या आहेत. तयार मिळणाऱ्या गाड्यांच्या जगात हे अपरिहार्यच होते. एका खाजगी छंदाचे तिकीट काढून पाहता येणाऱ्या संस्थेत रूपांतर करण्याचा हा प्रयत्न पेंडनच्या वाटेवरचा आहे.

बार्शी लाईटचे रूळ २००० नंतरच्या दशकात टप्प्याटप्प्याने ब्रॉडगेजमध्ये बदलले गेले. एखाद्या विद्यार्थ्याने उद्या कुर्डुवाडीचे जुने नॅरोगेज स्थानक १:७६ प्रमाणात करावयाचे ठरविले, तर इंजिनांची मापे त्याला लीक अँड मॅनिफोल्डसाठी इंग्रज हौशींनी जमविलेल्या कागदांवरून पुष्कळशी ताडून पाहता येतील. फलाटाची लांबी, पाण्याच्या टाकीची जागा, आषाढीच्या गर्दीसाठी उघडले जाणारे जादा फाटक आणि सांधेवाल्याच्या खोलीचा रंग मात्र त्याला कुर्डुवाडी, बार्शी आणि पंढरपूर येथील निवृत्त रेल्वे कामगारांच्या घरी जाऊन, त्यांच्यासमोर कागद-पेन्सिल ठेवून विचारावा लागेल.